खानवेल परिसरातील मराठी कुटुंबे : कागदपत्रे, भाषा आणि शेजार

नोकरी, बदली, लग्न किंवा व्यवसायाच्या निमित्ताने दरवर्षी काही मराठी कुटुंबे खानवेल आणि सिल्वासाच्या आसपास राहायला येतात. त्यांचे पहिले प्रश्न बहुधा सारखेच असतात. गाडीचा नंबर बदलायचा का? जातीचा दाखला इथे चालेल का? मुलांना कोणत्या माध्यमात घालायचे? बाजारात कोणत्या भाषेत बोलायचे? या प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी मिळावीत म्हणून हे टिपण तयार केले आहे. जुन्या सभासदांनाही त्यातला काही भाग उपयोगी पडेल, विशेषतः मुलांच्या शिक्षणाचा आणि शेजाराचा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपल्यापैकी बरेच जण खानवेलला महाराष्ट्राचा लांबलेला तुकडा समजून राहतात. उरलेले याला नोकरीचे ठिकाण समजतात आणि शनिवारी संध्याकाळी वापीची वाट धरतात. दोन्ही समजुतींत नुकसान आपलेच होते. पहिल्या समजुतीत कागद अडतात, दुसरीत शेजार हातचा जातो.

आपण नेमके कुठे राहतो?

दादरा आणि नगर हवेलीचे क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर आहे आणि गावे ७२. उत्तरेला आणि पूर्वेला गुजरात, दक्षिणेला महाराष्ट्र. दादरा, डेमणी आणि तिघरा ही तीन गावे मुख्य भागापासून तुटलेली असून मध्ये गुजरातची जमीन येते. उलट मेघवळ हे गुजरातचे गाव नगर हवेलीच्या पोटात आहे. त्यामुळे रोजच्या प्रवासातही हद्द नकळत ओलांडली जाते.

खानवेल सिल्वासापासून सुमारे २० किलोमीटरवर, साकरतोड नदीच्या काठी आहे. इथून एक रस्ता दुधनी आणि मधुबन धरणाच्या जलाशयाकडे जातो, दुसरा उधव्यावरून तलासरीला मुंबई–अहमदाबाद महामार्गाला मिळतो. प्रदेशात रेल्वे नाही. जवळचे मोठे स्थानक वापी, तेही गुजरातमध्ये.

२६ जानेवारी २०२० पासून दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. त्याला विधानसभा नाही. ‘आमदारांकडे जाऊन येतो’ ही आपली महाराष्ट्रातली सवय इथे उपयोगाची नाही. कारभार प्रशासक, जिल्हाधिकारी आणि मामलतदार यांच्यामार्फत चालतो, लोकांचे प्रतिनिधित्व जिल्हा पंचायत, ग्रामपंचायत आणि सिल्वासा नगरपालिका करते. लोकसभेची दादरा आणि नगर हवेलीची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. उच्च न्यायालय मात्र मुंबईचेच.

इतिहास : दिले आपण, सोडवलेही आपण?

मराठी माणूस इथे येतो तेव्हा मुक्तिलढ्याचा अभिमान घेऊन येतो, आणि तो रास्त आहे. २१–२२ जुलै १९५४ च्या रात्री दादरा मुक्त झाले. २ ऑगस्टला सिल्वासा स्वयंसेवकांच्या ताब्यात आले. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो सुमारे १५० शिपायांसह खानवेलच्या अंतर्भागात निघून गेला आणि ११ ऑगस्टला उधवा इथे त्याने भारतीय पोलिसांपुढे शस्त्रे ठेवली. या लढ्यात आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते आणि तलासरीच्या बाजूने कम्युनिस्ट कार्यकर्ते असे वेगवेगळ्या विचारांचे लोक होते. संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर म्हणून ओळखले गेलेले बाबासाहेब पुरंदरे हेही त्यांत होते.

त्यानंतर सात वर्षे हा मुलूख वरिष्ठ पंचायतीच्या कारभाराखाली होता. ना पोर्तुगालचा, ना कागदोपत्री भारताचा. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता, त्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी प्रदेश भारतात सामील झाला. विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते इथले पंतप्रधान करण्यात आले होते.

या इतिहासाचे आधीचे पान आपल्याकडे कमी वाचले जाते. हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला तो मराठ्यांकडूनच. मराठा आरमाराने ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले होते. त्याची भरपाई आणि मैत्रीचा तह म्हणून पेशव्यांनी १७७९ च्या तहात १२ हजार रुपये महसुलाची गावे देण्याचे मान्य केले. नगर हवेली १७८३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, दादरा १७८५ मध्ये. या जमिनीवर राहणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया, काथोडी लोकांना १७७९ मध्ये कोणी विचारले नव्हते. मुक्तीचे श्रेय सांगताना ही बाजूही मुलांना सांगावी. २ ऑगस्टच्या मुक्तिदिनाला त्यामुळे अधिक अर्थ येईल.

परदेश, परप्रांत आणि खानवेल

फ्रान्सच्या दक्षिणेत तुलूझसारख्या शहरात नोकरीला गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच दिवशी कळते की आपण परके आहोत. दीर्घ मुदतीचा व्हिसा पोहोचल्यापासून तीन महिन्यांत नोंदवावा लागतो, पुढे निवासपत्राचे नूतनीकरण येते, शाळा फ्रेंचमध्येच असते. म्हणून ते कुटुंब कागद वेळेवर करते, भाषा शिकते आणि घरी मराठी टिकवायची म्हणून हट्टाने मराठी बोलते.

खानवेलमध्ये यातले काहीच सक्तीचे नाही. देश आपला, रस्ता ओळखीचा, शेजारच्या पाड्यावरची बोली कानाला जवळची. म्हणूनच आपण कागद ढकलत राहतो, गुजराती ‘समजते’ एवढ्यावर थांबतो आणि मुलांची मराठी आपोआप येईल असे गृहीत धरतो. १९५४ पूर्वी तलासरीहून खानवेलला येणारा माणूस खरोखरच दुसऱ्या देशात पाऊल टाकत होता. आज हद्द दिसत नाही, पण सरकारी खिडकीपुढे उभे राहिले की ती जाणवते.

कागदपत्रे : काय बदलावे, काय बदलत नाही

*भाडेकरार.* नोंदवलेला भाडेकरार हा पहिला कागद. तो नसेल तर पत्त्याचा पुरावा नाही, आणि पत्ता नसेल तर पुढचे सगळे अडते. घरमालक तोंडी व्यवहार करू म्हणाले तरी करार आग्रहाने करून घ्यावा. आधारवरचा पत्ता त्यानंतर लगेच बदलावा.

*मतदार यादी.* जुन्या गावचे नाव तसेच ठेवून इथे नवी नोंदणी करू नये. दोन ठिकाणी नाव असणे कायद्याने चालत नाही. राहण्याचे ठिकाण बदलल्यावर नमुना ८ भरावा, त्यात नाव इकडे येते आणि तिकडून निघते.

*वाहन.* दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्रही लागते, त्याला वेळ जातो. वारंवार बदली होणाऱ्या पात्र नोकरदारांसाठी २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेची सोय आहे.

*जन्मनोंद.* पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. बाळ नाशिकला जन्मले तर दाखला नाशिकचा. नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. पुढे स्थानिक रहिवासाचा प्रश्न येतो तेव्हा जन्मस्थान, शाळेची वर्षे आणि आईवडिलांचे वास्तव्य असे सगळे पाहिले जाते. म्हणून शाळेचे दाखले, जुने भाडेकरार, विजेची बिले फाडू नयेत. एका फाइलमध्ये वर्षवार लावून ठेवावीत.

*जातीचा दाखला.* सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या राज्य आणि केंद्रशासित प्रदेशाप्रमाणे वेगवेगळ्या आहेत. नोकरी-शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्या व्यक्तीला मूळ राज्यातला दर्जा तिथे आपोआप मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ मध्येही स्पष्ट केले. इतर मागास वर्गांच्या याद्याही वेगवेगळ्या असतात. वडिलांच्या दाखल्याच्या आधारे स्थलांतरितांना दाखला मिळू शकतो, पण त्याचा उपयोग मूळ राज्यासाठी असतो. बारावीच्या निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा मूल आठवीत असतानाच मामलतदार कार्यालयात विचारून घ्यावे. महाराष्ट्रातली जातपडताळणी अर्धवट सोडू नये.

*जमीन.* पोर्तुगीज काळातल्या ‘अलवारा’ पट्ट्यांपासून १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमापर्यंत इथल्या जमिनीचा इतिहास स्वतंत्र आहे. महाराष्ट्रातल्या सातबाराच्या अनुभवावर इथला व्यवहार करू नये. ओळखीच्या आदिवासी कुटुंबाच्या नावावर पैसे गुंतवून ‘आपली’ जमीन घेणे हा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. कायद्याने ते धोक्याचे आहे, आणि ज्यांच्याकडे जमिनीखेरीज फारसे काही नाही त्यांच्याशी असा व्यवहार करणे योग्यही नाही.

हद्द आणि बाटली

हा विषय मंडळाच्या बैठकीत हसण्यावारी जातो, पण पाहुण्यांना तो महाग पडू शकतो. इथे दारूबंदी नाही, गुजरातमध्ये आहे. वापी स्थानकाकडे जाताना आपण गुजरातमध्ये असतो. गाडीत एक बाटली सापडली तरी गुन्हा होतो. तलासरीमार्गे महाराष्ट्रात इथली दारू परवान्याशिवाय नेणेही उत्पादन शुल्क कायद्याखाली गुन्हाच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातेवाईक येतात तेव्हा त्यांना हे आधीच सांगावे.

बाजारातली आणि दवाखान्यातली भाषा

इथे गुजराती, हिंदी, मराठी, वारली आणि कोकणा या पाचही भाषा रोज कानावर पडतात. कारखान्यांत हिंदी, दुकानांत गुजराती, खानवेलच्या बाजारात सगळ्यांची सरमिसळ. गुजराती आपल्याला अर्धी कळते, आणि चुका होतात त्या या अर्ध्या कळण्यामुळेच. नव्या घरातल्यांनी निदान पुढचे शब्द लक्षात ठेवावेत.

• *काले* : गुजरातीत काल आणि उद्या दोन्ही. ‘काले आवजो’ म्हणजे उद्या या.
• *बारी* : खिडकी. ‘बीजी बारी’ म्हणजे दुसरी खिडकी. आपली पाळी दुसरी असा अर्थ घेऊन बसून राहू नये.
• *वार लागशे* : वेळ लागेल.
• *उधरस* : खोकला. *ताव* : ताप. डॉक्टरांकडे आजीला एकटीने पाठवताना हे दोन शब्द तिला सांगून ठेवावेत.
• *चोखा* : तांदूळ. *डुंगळी* : कांदा. *रींगण* : वांगे. *मीठुं* : मीठ, आणि गोडही. अर्थ संदर्भाने घ्यायचा.

गुजराती लिपी शिकणे अवघड नाही. बरीच अक्षरे देवनागरीच्या जवळची आहेत आणि वर शिरोरेषा नसते. दुकानाच्या पाट्या वाचत गेले तर महिन्याभरात हात बसतो. घरातल्या आजी-आजोबांना हा उद्योग आवडतो असा आमचा अनुभव आहे.

सण आणि पंचांग

गुजराती आणि मराठी महिने एकाच दिवशी सुरू होतात, त्यामुळे श्रावण, गणपती, नवरात्र यांत गोंधळ होत नाही. उत्तर भारतीय शेजाऱ्यांचा श्रावण मात्र आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. आपला दिवाळीचा पाडवा हा गुजराती घरांत नव्या वर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी ‘साल मुबारक’ म्हणायला जरूर जावे. गुढीपाडव्याची रजा कामाच्या ठिकाणी असेलच असे नाही, वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांची यादी पाहून अर्ज द्यावा. संक्रांतीला इथे पतंग उडतात. तिळगूळ घेऊन गच्चीवर गेले की दोन्ही सण एकदम होतात.

शेजार : वारली आणि कोकणा कुटुंबे

१९८१ मध्ये या प्रदेशाची लोकसंख्या १ लाख ३ हजार ६७६ होती, २०११ मध्ये ती ३ लाख ४३ हजार ७०९ झाली. करसवलतींमुळे कारखाने आले आणि कारखान्यांमागून आपल्यासारखी माणसे आली. अनुसूचित जमातींचे लोक तरीही निम्म्याहून थोडे अधिक आहेत, आणि खानवेलच्या बाजूला तर गावेच्या गावे त्यांची आहेत. मधुबन धरणाच्या पाण्याखाली गेलेली जमीनही बरीचशी त्यांचीच. दुधनीला आपण नावेतून फिरायला जातो तेव्हा पाण्याखाली कोणाची शेते होती हे मुलांना सांगावे.

वारली आणि कोकणा बोली मराठीला जवळच्या आहेत. म्हणून काही जण त्यांना ‘अशुद्ध मराठी’ म्हणतात. तसे म्हणू नये. त्या स्वतंत्र बोली आहेत, त्यांची गाणी, कथा आणि विधी त्यांच्या आहेत. लग्नाचा चौक रंगवणाऱ्या सवाशिणी, लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी, भोपळ्याचा तारपा वाजवणारा माणूस हे सगळे या भागात आजही भेटतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवर वारली चित्राची छापील चादर लावण्याआधी गावातल्या चित्रकाराकडून चित्र काढून घ्यावे, त्याला त्याचा दाम द्यावा.

घरकामाला, बागेला, बांधकामाला येणारी माणसे याच गावांतून येतात. त्यांना ‘अरे-तुरे’ करण्याची सवय आपल्या काही घरांत आहे. वयाने मोठ्यांना मावशी, काका, दादा म्हणावे, तेही आपल्याला मान देऊन बोलतात. आवणीच्या दिवसांत, म्हणजे पाऊस लागल्यावर भाताची लावणी सुरू झाली की, ही माणसे कामाला येणार नाहीत हे धरून चालावे. शेत आधी, आपले घर नंतर.

वाचू इच्छिणाऱ्यांनी गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक वाचावे. १९४५ मध्ये तलासरी–उंबरगाव भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केलेल्या उठावाची ती हकिगत आहे. तो मुलूख आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

मुलांची मराठी

प्रशासनाच्या शाळांत गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमे चालत आली आहेत. आपली मुले बहुतेक इंग्रजी माध्यमात जातात. मराठी माध्यमाच्या वर्गांत बसणारी मुले मुख्यतः वारली आणि कोकणा घरांतली. म्हणजे खानवेलमध्ये मराठी शाळा आज जी टिकून आहे, ती आपल्यामुळे कमी आणि त्यांच्यामुळे जास्त. मंडळाच्या प्रत्येक वर्धापनदिनी ‘मराठी टिकवू या’ असे आपण म्हणतो, तेव्हा हे लक्षात असू द्यावे.

इंग्रजी माध्यम निवडण्यात गैर काही नाही. पुढच्या गोष्टी मात्र घरीच कराव्या लागतील. मुलाला मराठी वाचता यावे, फक्त बोलता नव्हे. आजोळी फोन करताना मुलाने हिंदीत उत्तर दिले तर हसून सोडून देऊ नये. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन, आठवड्याला एक पत्र किंवा पानभर मजकूर, एवढे पुरते. माध्यम निवडण्यापूर्वी शाळा कोणत्या मंडळाशी जोडलेली आहे, पुढे दहावीला कोणती भाषा घेता येईल आणि महाराष्ट्रात बदली झाली तर काय होईल, हे तिन्ही शाळेत लेखी विचारून घ्यावे.

मराठी शाळांना मदत करायची असेल तर ती वस्तूंपेक्षा वेळेची करावी. शनिवारी एक तास गोष्ट वाचून दाखवणे, गणित शिकवणे, ग्रंथालयातली जुनी मासिके पोहोचवणे, हे प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे. आपल्या मुलांना सोबत न्यावे. तिथे त्यांना मराठी बोलावीच लागते.

पहिल्या वर्षाची यादी

१. नोंदवलेला भाडेकरार, आधारवरचा पत्ता, बँक आणि गॅसची नोंद : पहिले तीन महिने.
२. मतदार नोंदणीसाठी नमुना ८, रेशनकार्डाची चौकशी : सहा महिन्यांत.
३. वाहनाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागवणे : बारा महिने पुरे होण्याआधी.
४. दाखले, बिले, शाळेची कागदपत्रे यांची वर्षवार फाइल : पहिल्या दिवसापासून.
५. आजारपणासाठी खानवेलचे उपजिल्हा रुग्णालय आणि सिल्वासाचे श्री विनोबा भावे सिव्हिल रुग्णालय यांच्या वाटा एकदा पाहून ठेवणे.
६. गुजराती लिपी, निदान पाट्या वाचण्यापुरती.
७. आपल्या गावाचे, पाड्याचे आणि सरपंचांचे नाव माहीत करून घेणे आणि एकदा भेटून येणे.

सातवा मुद्दा कोणत्याही कार्यालयात विचारला जात नाही, म्हणून तो बहुतेक घरांत राहून जातो. आम्ही तो यादीत ठेवला आहे, कारण दहा-वीस वर्षे इथे राहिलेल्या कुटुंबांपैकी ज्यांना खानवेल आपले वाटते त्यांनी तो पहिल्या वर्षीच केला होता. नव्या सभासदांना यातल्या कोणत्याही कामात सोबत लागली तर मंडळाच्या मासिक बैठकीत सांगावे. कार्यालयाच्या खिडकीपर्यंत आणि पाड्यापर्यंत, दोन्हीकडे आपल्यापैकी कोणीतरी बरोबर येईल.